बेकायदेशीररीत्या मिळवलेला पुरावा

बेकायदेशीररीत्या मिळवलेला पुरावा म्हणजे कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती मोडून, किंवा एखाद्या व्यक्तीच्या हक्कांचा भंग करून तपास यंत्रणेने अथवा खासगी व्यक्तीने हस्तगत केलेला पुरावा होय. अधिकारपत्राविना घेतलेली घराची झडती, परवानगी नसताना केलेले फोन टॅपिंग, चोरून केलेले ध्वनिमुद्रण, दमदाटीने घेतलेले निवेदन ही त्याची नेहमी आढळणारी उदाहरणे आहेत. असा पुरावा फौजदारी खटल्यात वापरता येतो का, या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे. भारतात सर्वसाधारण नियम असा आहे की, पुरावा खटल्यातील मुद्द्याशी संबद्ध असेल तर तो कोणत्या मार्गाने मिळाला एवढ्याच कारणाने तो नाकारला जात नाही. मात्र ज्या ठिकाणी राज्यघटनेने किंवा एखाद्या कायद्याने स्पष्टपणे मनाई केली आहे, तेथे तो ग्राह्य धरता येत नाही. या नियमाची जडणघडण ज्या निकालांतून झाली, त्यांतील काही महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातील खटल्यांचे आहेत.

संकल्पना

या विषयात तीन गोष्टींत फरक करावा लागतो. पहिली गोष्ट खोटा पुरावा. पोलिसांनी स्वतःच एखादी वस्तू आरोपीच्या घरात ठेवली असेल, तर तो पुरावा बनावट ठरतो. तो खोटाच असल्यामुळे त्याच्या ग्राह्यतेचा वाद उरत नाही. दुसरी गोष्ट अनियमित पुरावा. पंचनाम्यावर वेळ नोंदवायची राहिली, मुद्देमालाच्या यादीची प्रत घरमालकाला दिली नाही, अशा त्रुटींमुळे पुराव्याचे वजन कमी होऊ शकते. तिसरी गोष्ट खऱ्या अर्थाने बेकायदेशीर मार्गाने मिळालेला, परंतु खरा पुरावा. खरी अडचण येथेच उभी राहते. घरात सापडलेले तस्करीचे सोने खरेच तेथे होते. पण ते शोधायला आलेल्या अधिकाऱ्याला त्या घरात शिरण्याचा अधिकार नव्हता. अशा वेळी न्यायालयाने सत्याकडे पाहावे, की ते सत्य ज्या मार्गाने हाती आले त्या मार्गाकडे पाहावे, हा या विषयाचा गाभा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात पुराव्याची कसोटी संबद्धता ही होती. १८६१ सालच्या लीथम खटल्यात इंग्रज न्यायालयाने असे मत मांडले की, पुरावा कसा मिळवला याला महत्त्व नाही, अगदी तो चोरून आणला असला तरीही. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ हा याच परंपरेतून आला. वादातील तथ्ये आणि संबद्ध तथ्ये यांबाबत पुरावा देता येईल, असे त्याच्या कलम ५ मध्ये म्हटले होते. तो पुरावा कायदेशीर मार्गानेच आणलेला असावा, अशी अट त्यात नव्हती. पुढे १९५५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने केनियातून आलेल्या कुरुमा खटल्यात हीच भूमिका कायम ठेवली. मात्र आरोपीवर अन्याय होईल असे वाटल्यास न्यायाधीश आपल्या विवेकाने पुरावा वगळू शकतो, ही मुभाही मान्य केली.

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. जुन्या कलम ५ मधील तत्त्व नव्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये आले आहे. बेकायदेशीररीत्या मिळवलेला पुरावा वगळण्याचा सर्वसाधारण नियम नव्या कायद्यातही घातलेला नाही.

भारतातील सर्वसाधारण नियम

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न लवकरच सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एम. पी. शर्मा विरुद्ध सतीश चंद्र (१९५४) या खटल्यात आठ न्यायाधीशांच्या पीठाने असे म्हटले की, अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखी झडतीविरुद्ध संरक्षण देणारी तरतूद भारतीय राज्यघटनेत नाही. म्हणून ते संरक्षण अन्य कलमांत ओढूनताणून वाचता येणार नाही. राधाकिशन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९६३) या खटल्यात न्यायालयाने तीन बाबी स्पष्ट केल्या. झडती बेकायदेशीर असेल तर घरमालक तिला विरोध करू शकतो. अशा झडतीत मिळालेल्या पुराव्याची न्यायालय अधिक काळजीपूर्वक छाननी करू शकते. परंतु झडती बेकायदेशीर असली म्हणून जप्ती आपोआप निष्फळ ठरत नाही.

पूरनमल विरुद्ध संचालक, अन्वेषण (१९७३) हा प्राप्तिकर खात्याच्या झडतीसंबंधीचा निकाल या विषयातील पायाभूत निकाल मानला जातो. त्यात घटनापीठाने संबद्धता हीच ग्राह्यतेची कसोटी असल्याचे सांगितले. राज्यघटनेत किंवा अन्य कायद्यात स्पष्ट अथवा अटळपणे सूचित होणारी मनाई नसेल, तर बेकायदेशीर झडतीत मिळालेला पुरावा दूर ठेवता येत नाही, असा त्याचा सारांश आहे.

महाराष्ट्रातील प्रमुख खटले

युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९६७)

मुंबई महानगरपालिकेच्या एका कर्मचाऱ्याला लाच देऊ केल्याचा हा खटला होता. कर्मचाऱ्याने तक्रार केल्यानंतर पोलिसांनी त्याच्या खोलीत ध्वनिमुद्रण यंत्र लपवून ठेवले व संभाषण मुद्रित केले. आरोपीच्या नकळत केलेले हे मुद्रण म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे आहे, असा बचाव करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. आरोपी स्वेच्छेने बोलला होता, त्याच्यावर सक्ती झाली नव्हती. त्यामुळे अनुच्छेद २०(३) चा भंग झाला नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याबरोबरच ध्वनिफितीत सहज फेरफार करता येतो, म्हणून असा पुरावा सावधपणे स्वीकारावा, असेही बजावले.

आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७२)

हा खटला विधी महाविद्यालयांत आजही शिकवला जातो. मुंबईचे तत्कालीन कॉरोनर डॉ. मलकानी यांच्यावर १९६४ मध्ये एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीसंदर्भात एका डॉक्टरकडून पैसे मागितल्याचा आरोप होता. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने मध्यस्थाच्या संमतीने त्याच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रण यंत्र जोडले आणि त्याचे मलकानींशी झालेले बोलणे मुद्रित केले. हे मुद्रण भारतीय तार अधिनियमाचा भंग करणारे आहे व अनुच्छेद २१ च्या विरुद्ध आहे, असा बचाव होता.

न्या. अजित नाथ रे व न्या. आय. डी. दुआ यांच्या पीठाने तो मान्य केला नाही. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वतः संमती दिली असल्यामुळे तार अधिनियमाचा भंग झालेला नाही, आणि पुरावा बेकायदेशीररीत्या मिळाला असता तरीही तो ग्राह्य ठरला असता, असे पीठाने म्हटले. ध्वनिमुद्रित पुराव्यासाठी पीठाने तीन अटी सांगितल्या: संभाषण मुद्द्याशी संबद्ध असावे, आवाजाची ओळख पटलेली असावी आणि फीत पुसल्याची किंवा तिच्यात बदल केल्याची शक्यता वगळून तिची अचूकता सिद्ध झालेली असावी.

महाराष्ट्र राज्य विरुद्ध नटवरलाल दामोदरदास सोनी (१९७९)

मुंबईत पोलिसांनी एका घराची झडती घेऊन परदेशी खुणा असलेले सोने हस्तगत केले व पुढील कारवाई सीमाशुल्क खात्याने केली. पोलिसांची झडती बेकायदेशीर होती असे गृहीत धरले, तरी त्यामुळे जप्ती, सीमाशुल्क अधिकाऱ्यांचा पुढील तपास किंवा खटला अवैध ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

नियमाचे अपवाद

सर्वसाधारण नियम सैल दिसत असला, तरी काही दारे कायद्याने ठामपणे बंद केली आहेत.

पोलिसांपुढील कबुलीजबाब. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. जुन्या अधिनियमातील कलमे २५ ते २७ आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये एकत्र आली आहेत. प्रलोभन, धमकी किंवा जबरदस्ती यांमुळे दिलेल्या कबुलीबाबत कलम २२ आहे. पोलीस कोठडीत मारहाण करून सत्य काढण्याचा मोह तपास करणाऱ्याला होऊ नये, हा या मनाईमागचा हेतू आहे. याला एक मर्यादित अपवाद आहे. कोठडीतील आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेला निवेदनाचा भाग तेवढा वापरता येतो. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये या अपवादाची सीमा आखली. ‘मी कोयता गोठ्यामागे पुरला आहे, तो काढून देतो’ एवढे वाक्य वापरता येईल. ‘त्याच कोयत्याने मी वार केला’ हे वापरता येणार नाही.

स्वतःविरुद्ध साक्ष. अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडता येत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड (१९६१) या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे अशी साक्ष नव्हे, असे ठरवले. मात्र सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य (२०१०) या निकालाने संमतीविना केलेली नार्को चाचणी, पॉलिग्राफ व मेंदूतरंग चाचणी घटनाबाह्य ठरवली. हाताचा ठसा शरीराचा असतो, तर औषधाच्या गुंगीत निघालेले शब्द मनातील ज्ञानाचे असतात, हा या दोन निकालांमधील फरक आहे.

अमली पदार्थविषयक कायदा. एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम ५० नुसार अंगझडती घेण्यापूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती द्यावयाचा हक्क असल्याचे संशयिताला सांगावे लागते. पंजाब राज्य विरुद्ध बलदेव सिंग (१९९९) या निकालात घटनापीठाने असे म्हटले की, हे सांगितले नसेल आणि शिक्षा केवळ त्या अंगझडतीत मिळालेल्या मालावर आधारलेली असेल, तर ती टिकत नाही. शिक्षा कठोर असल्यामुळे प्रक्रियेचे पालनही काटेकोर हवे, असे त्यामागील सूत्र आहे. हे संरक्षण अंगझडतीपुरते आहे; पिशवी किंवा वाहन यांच्या झडतीला ते लागू होत नाही.

फोन टॅपिंग आणि खासगीपणाचा हक्क

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार (१९९६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग असल्याचे मानले आणि टॅपिंगचे आदेश कोणी द्यावेत व त्यांचा आढावा कोणी घ्यावा, याचे नियम घालून दिले. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ (मोक्का) मध्ये टॅपिंगची स्वतंत्र तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली होती. परंतु महाराष्ट्र राज्य विरुद्ध भारत शांतीलाल शहा (२००८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्या कायद्यातील परवानगी व आढाव्याच्या तरतुदी हे गैरवापराविरुद्धचे पुरेसे संरक्षण आहे, असे न्यायालयाला वाटले.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. एम. पी. शर्मा निकालातील खासगीपणाविरोधी विधान त्यामुळे बाद झाले. संबद्धतेच्या जुन्या नियमाचे पुढे काय होणार, हा प्रश्न येथून नव्याने उभा राहिला.

मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार विरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभाग (२०१९) या खटल्यात त्याचे एक उत्तर दिले. लाचखोरीच्या तपासात केंद्रीय गृहमंत्रालयाने दिलेले टॅपिंगचे आदेश तपासून, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणतीच अट पूर्ण होत नसल्याचे न्या. रणजित मोरे व न्या. एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने म्हटले. खंडपीठाने आदेश रद्द केले आणि मुद्रित संभाषणे नष्ट करण्यास सांगितले. साध्य चांगले असले म्हणून मूलभूत हक्क तुडवणारे साधन क्षम्य ठरू लागले, तर हक्कांना अर्थच उरणार नाही, असा या निकालाचा आशय आहे. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही अशाच स्वरूपाच्या प्रकरणात टॅपिंगचा आदेश रद्द केला. तथापि पूरनमल व मलकानी हे निकाल सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेले नाहीत. त्यामुळे दोन्ही विचारप्रवाह आज शेजारी शेजारी नांदत आहेत.

इलेक्ट्रॉनिक पुरावा

मोबाइलमधील चित्रफीत किंवा ध्वनिमुद्रण कायदेशीर मार्गाने मिळाले असले, तरी ते योग्य स्वरूपात सादर करावे लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल (२०२०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, मूळ उपकरणाऐवजी त्याची प्रत सादर केल्यास पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. येथे एक विसंगती नजरेत भरते. प्रमाणपत्र नसेल तर कायदेशीर मार्गाने मिळालेली प्रत नाकारली जाते. पण प्रमाणपत्र असेल तर बेकायदेशीररीत्या मिळालेली प्रतही सर्वसाधारण नियमानुसार ग्राह्य ठरू शकते.

तालुका पातळीवरील स्वरूप : कर्जत व खालापूर

सर्वोच्च न्यायालयाचे हे निकाल ज्या ठिकाणी प्रत्यक्षात लागू होतात, ती ठिकाणे तालुक्याची न्यायालये असतात. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत. जिल्ह्याचे मुख्य सत्र न्यायालय अलिबागला आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा भाग एकीकडे ठाकर व कातकरी वाड्यांचा, दुसरीकडे फार्महाऊस, रिसॉर्ट आणि खोपोलीच्या कारखान्यांचा आहे. मुंबई-पुणे लोहमार्ग व द्रुतगती मार्ग येथूनच जातात. त्यामुळे वाडीतील झोपडीची झडती, महामार्गावरील वाहनाची झडती आणि रिसॉर्टवरील छापा, हे तिन्ही प्रकार या परिसरात संभवतात.

जून २०११ मध्ये खालापूर तालुक्यातील एका रिसॉर्टवर रायगड पोलिसांनी छापा घालून सुमारे तीनशे तरुण-तरुणींना ताब्यात घेतले व त्यांच्या रक्ताचे आणि लघवीचे नमुने घेतले. हे प्रकरण राज्यभर गाजले. अशा छाप्यांत या लेखातील बहुतेक कायदेशीर प्रश्न एकाच वेळी उपस्थित होतात. मिळालेली खबर एनडीपीएस कायद्याच्या कलम ४२ नुसार लेखी नोंदवली होती का? सूर्यास्तानंतर अधिकारपत्राविना प्रवेश केला असल्यास त्याची कारणे लिहिली होती का? अंगझडतीपूर्वी कलम ५० मधील हक्क सांगितला होता का? रक्ताचा नमुना हा काठी कालू ओघड निकालातील तत्त्वानुसार साक्ष ठरत नाही. त्यामुळे तो देण्याने अनुच्छेद २०(३) चा भंग होत नाही. पण कलम ४२ चे मुळीच पालन झाले नसेल, तर ते चालणार नाही, असे कर्नेलसिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२००९) या निकालात घटनापीठाने सांगितले आहे. पालनास उशीर झाला असल्यास समाधानकारक खुलासा द्यावा लागतो.

साध्या घरझडतीचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये आहेत. कलम १८५ नुसार अधिकारपत्राविना झडती घ्यावयाची असल्यास तपास अधिकाऱ्याने त्याची कारणे आधी लेखी नोंदवावीत व त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. कलम १०३ नुसार त्या परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावे लागतात. घरात राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहता येते आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळण्याचा त्याला हक्क आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यतेचे पूर्ण भान राखून घ्यावयाची असते. कलम १०५ ने आता झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य मुद्रण बंधनकारक केले आहे. मात्र हे मुद्रण केले नाही तर पुरावा बाद होईल, असे त्या कलमात लिहिलेले नाही.

म्हणून तालुक्याच्या न्यायालयात बचाव पक्षाचा भर बहुधा ग्राह्यतेपेक्षा विश्वासार्हतेवर असतो. पंच खरोखर त्या गावचे होते का, पंचनामा जागेवर लिहिला की ठाण्यात, मुद्देमालावर मोहोर कधी लागली, हे उलटतपासणीत विचारले जाते. झडती बेकायदेशीर होती एवढे दाखवून आरोपी सुटत नाही. पण ती बेकायदेशीर होती म्हणून तिच्यातील जप्ती संशयास्पद आहे, हे दाखवता आले तर तो सुटू शकतो. ही उलटतपासणी करण्यासाठी वकील लागतो. वकील देण्याची ऐपत नसलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. अनुसूचित जमातींच्या व्यक्ती आणि स्त्रिया यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. कातकरी व ठाकर वाड्यांतील रहिवाशांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

बेकायदेशीर झडतीवरील अन्य उपाय

पुरावा ग्राह्य ठरला, तरी झडती घेणारा अधिकारी निर्दोष ठरतो असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १४७ मध्ये वाजवी कारणाविना त्रासदायक झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५८ मध्येही तशीच तरतूद आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ ची कलमे १९८ व १९९ कायद्याचा आदेश मोडणाऱ्या लोकसेवकाला लागू होतात. मूलभूत हक्काचा भंग झाल्यास उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली दाद मागता येते व नुकसानभरपाईही मिळू शकते.

अन्य देशांतील स्थिती

अमेरिकेत बेकायदेशीर झडतीतील पुरावा वगळण्याचा नियम १९१४ च्या वीक्स खटल्यात केंद्रीय न्यायालयांसाठी आणि १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो खटल्यात सर्व राज्यांसाठी स्वीकारला गेला. पुढे अधिकाऱ्याने प्रामाणिक समजुतीने काम केले असल्यास सूट देणारे अपवाद त्याला जोडले गेले. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याच्या कलम ७८ ने, खटल्याच्या न्याय्यतेवर विपरीत परिणाम होणार असल्यास पुरावा नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कसनदेत न्यायव्यवस्थेची अप्रतिष्ठा होईल का, ही कसोटी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत अनुच्छेद ३५(५) मध्ये असा पुरावा वगळण्याची थेट तरतूद आहे.

सुधारणेची शिफारस आणि मतभेद

भारताच्या विधी आयोगाने १९८३ मध्ये आपल्या ९४ व्या अहवालात याच विषयाचा विचार केला. पुरावा अधिनियमात कलम १६६अ घालून, पुरावा स्वीकारल्याने न्यायदानाची अप्रतिष्ठा होईल असे वाटल्यास तो नाकारण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा, अशी शिफारस त्याने केली. मानवी प्रतिष्ठेचा भंग किती झाला, गुन्हा किती गंभीर आहे, पुराव्याचे महत्त्व किती, कायदा जाणूनबुजून मोडला का, तातडीची परिस्थिती होती का, या बाबी न्यायालयाने पाहाव्यात असे आयोगाने सुचवले. ही शिफारस कायद्यात उतरली नाही. २०२३ च्या नव्या अधिनियमातही तिला स्थान मिळाले नाही.

सध्याच्या नियमाचे समर्थक असे म्हणतात की, पोलिसाच्या चुकीचा लाभ गुन्हेगाराला मिळू नये; गुन्ह्याचा बळी ठरलेल्या व्यक्तीचा त्यात काही दोष नसतो. चूक करणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतंत्रपणे शिक्षा करावी. टीकाकारांचे म्हणणे असे की, ज्या राज्यसंस्थेने कायदा पाळावयाचा, तिनेच तो मोडून मिळवलेले फळ न्यायालयात चालत असेल, तर तिला कायदा पाळण्याचे कारण राहत नाही. आणि अधिकाऱ्याविरुद्ध खटला चालवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. घराची झडती कायद्यानेच घेतली जावी, हा हक्क निर्दोष व्यक्तीलाही लागतो. पण ज्या घरात काहीच सापडले नाही, त्या घराची झडती बहुधा न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. पुट्टस्वामी निकालानंतर या दोन बाजूंचा समतोल कसा साधावा, याविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाचा थेट निर्णय अद्याप झालेला नाही.